तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लाय बांधताना कुठलं सामान दगा देतं?

फ्लाय बांधायला नुकतं लागलेलं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला असतो: "काय घेऊ नको ते आधी सांगा." मासे पकडायच्या गळावर दोरा, पिसं, केस बांधून किड्याचं सोंग उभं करायचं, ती फ्लाय, एवढंच काम. तरी महागाचं पाकीट आणून बांधलेली फ्लाय तिसऱ्या फेकीला बुडते, नाहीतर दुसऱ्या ट्राउट माशानंतर उलगडते. माझ्या मते निव्वळ टाकाऊ सामान फार थोडं. बहुतेकदा पीस किंवा केस चांगलाच असतो, पण अंगाच्या भलत्या भागावरचा असतो आणि भलत्याच कामाला लावलेला असतो.

सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात ती हरणाच्या केसांना. "दोरा आवळला तरी फुलतच नाहीत," ही तक्रार. हरणाच्या किंवा एल्कच्या (परदेशी मोठ्या हरणाच्या) अंगावरच्या हिवाळी केसात हवेच्या बारीक पेशी असतात. दोरा घट्ट झाला की त्या दबतात आणि केस काटकोनात उभा राहतो. पायावरचा, तोंडावरचा केस मात्र जवळजवळ भरीव असतो. तो कितीही आवळा, आडवाच पडून राहणार. उन्हाळी केसही बारीक आणि कमी पोकळ असतो. त्यातही प्रत्येक केसाचं टोक भरीव आणि बूड पोकळ, त्यामुळे टोकाजवळ बांधलंत तर फुलणार नाही, बुडाकडे बांधलंत तर फुलेल. पाकिटावर नुसतं "डिअर हेअर" लिहिलेलं असतं, म्हणून घेताना कातड्याच्या तुकड्यावरचा एक केस नखाखाली दाबून बघा. चपटा होऊन घडी पडली तर तो पोकळ.

आता बांधायची रीत. 14 नंबरच्या गळावर एल्क हेअर कॅडिस, म्हणजे एल्कच्या केसांचे पंख असलेली तरंगती फ्लाय, बांधायची असेल तर आगकाडीएवढी जुडी पुरे. बुडाशी असलेली मऊ लव बारीक फणीने पूर्ण काढा. इथेच बहुतेकांचं बिघडतं, कारण लव राहिली की दोऱ्याखाली केस घसरतात आणि वर ती पाणीही धरते. मग टोकं सारखी करून दोन सैल वेढे घ्या आणि तिसऱ्याला सरळ खाली ओढा. पहिलाच वेढा आवळलात तर केस गळाभोवती फिरून खाली जातात. 70 डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) दोरा इथे तुटतो. 140 डेनियर घ्या. जीएसपी, म्हणजे पॉलिथिलीनचा दोरा ताकदवान खरा, पण बारीक असल्यामुळे नवख्या हातात केस कापतो. फोमलाही तो तसाच कापतो.

दुसरी तक्रार आपल्याकडच्या मालाबद्दल, म्हणून जरा सविस्तर सांगणं भाग आहे. कोंबड्याच्या मानेची पिसं, म्हणजे हॅकल. भारतातून आणि चीनमधून गेलेले स्वस्त केप, म्हणजे पिसांसकट मानेचं कातडं, जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरले. पुढे अमेरिकेत खास हॅकलसाठीच कोंबडे पैदास केले गेले. कोलोराडोतल्या व्हायटिंग फार्म्सचं नाव त्यात आघाडीवर. तेव्हापासून भारतीय हॅकल म्हणजे 'बुडणारं' असा शिक्का बसला. शिक्का अर्धाच खरा आहे. पीस खिडकीसमोर धरा: मधल्या दांडीलगत एक मंद, अपारदर्शक त्रिकोण दिसेल. तिथले तंतू मऊ आणि एकमेकांत गुंतलेले असतात, ते पाणी शोषतात. भारतीय हॅकलात हा त्रिकोण मोठा, दांडी जाड, पीस आखूड. त्यामुळे कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगायच्या फ्लायला दोन पिसं लागतात, तेवढी गळाच्या डोक्याशी गर्दी होते आणि तरीही ती नीट तरंगत नाही. पैदाशीच्या कोंबड्याच्या पाठीवरच्या एका लांब पिसात चार-पाच फ्लाय होतात, म्हणून हिशेबात ते महाग पडत नाही. पण बुडवायच्याच फ्लायला, तिच्या डोक्यामागच्या मऊ पिसांच्या गळपट्ट्याला, भारतीय हॅकलाचा तो शोषणारा मऊपणाच हवा असतो. तिथे मी ते आनंदाने सुचवतो.

मोरपिसाची हर्ल, म्हणजे दांडीला फुटलेला एकेक लांब तंतू, नाजूक असते, यात वाद नाही. ट्राउटचे बारीक दात ती एका झटक्यात तोडतात. दोष हर्लचा असतोच, पण जास्त दोष ती नुसती गुंडाळण्याचा. पिसावरच्या डोळ्याच्या लगेच खालच्या पाच-सहा हर्ल घ्या, ठिसूळ टोकं सेंटिमीटरभर कापून टाका, दोऱ्याबरोबर पीळ घालून दोरी करा आणि मग गुंडाळा. वर बारीक तार उलट्या दिशेने फिरवा. मग एखादी हर्ल तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात. पाली येऊ नयेत म्हणून भिंतीवर वर्षानुवर्षं लावलेलं मोरपीस मात्र या कामाला घेऊ नका. उन्हाने त्याचा रंग तांबूस होतो, हे काहींना आवडतं, पण पीळ घालताना ते तुटतं.

सीडीसी, म्हणजे बदकाच्या शेपटीच्या बुडाशी, तेलग्रंथीभोवती असणारी पिसं. "एक मासा लागला की संपलं," असं लोक म्हणतात. ही पिसं तरंगतात ती मुख्यतः बारीक तंतूंत हवा अडकते म्हणून. त्यावर फ्लाय तरंगती ठेवायचं जेल लावलं की तंतू चिकटून हवा जाते. बाटलीतलं जेल चांगलं, पण या पिसांना नाही. मासा सोडला की फ्लाय पाण्यात खळबळून चिकटा काढा, सुती कपड्यात दाबा, मग कोरडी पावडर लावा.

पंखांसाठी आणि पाराशूट फ्लायच्या उभ्या खांबासाठी (ज्याभोवती हॅकल आडवं गुंडाळतात) घेतलेल्या धाग्यात लोक सर्रास फसतात. पॉलिप्रॉपिलीनची घनता 0.9 च्या आसपास, म्हणून ते पाण्यावर राहतं. नायलॉन आणि ॲक्रिलिक दोन्ही पाण्याहून जड. दुकानात मिळणारी विणकामाची 'लोकर' बहुधा ॲक्रिलिकच असते. कोरडी असताना तीही तरंगते आणि दिशाभूल करते. म्हणून वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, दोन सेंटिमीटर धागा मोकळा करून बोटाने तळाशी दाबा आणि सोडा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, मग खोटं तरंगणं उरत नाही. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन.

मॅराबू, म्हणजे मऊ, लुसलुशीत पीस, कोरडं असताना भरगच्च दिसतं, भिजलं की धाग्याएवढं होतं. बांधतानाच ओल्या बोटांनी चेपून अंदाज घ्या. चमकीचे धागे दोन ते चार, त्याहून जास्त नकोत.

राहिलं जंगल कॉक, म्हणजे रानकोंबड्याचं पीस. सॅमन फ्लायच्या गालावरचे ते मेणचट, पांढरे-पिवळे ठिपके आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरचे. किंमत भारी, आणि पीस मधोमध चिरतं. मागून पातळ वार्निश लावून दोन बोटांत ओढलं की चीर मिटते. पण ही पिसं परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची, कागदपत्रांसह विकली जाणारीच चालतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण आहे, तसंच सांबर आणि चितळालाही. कुणी गावाकडून त्यांची पिसं, केस आणून दिले तर घेऊ नका. गालाविना बांधलेली फ्लायही मासा घेतो.