सुमोच्या फडात आमचं इनाम : माझा अनुभव

आमच्या वारणाकाठच्या गावात जत्रेच्या फडात आबा दरवर्षी एका जोडीला इनाम लावायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी आमच्याच आळीतल्या पोराच्या कुस्तीला पैसे लावले आणि कुस्ती मारली नदीपलीकडच्या पैलवानानं. आम्ही मुली माळवदावरून बघत होतो. आबा फडात उतरले, हलगी चालू असतानाच त्या परक्या पोराच्या हातात नोटा ठेवल्या आणि स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून त्याला बांधला. रात्री आजी फुगून बसली, तर एवढंच म्हणाले, "पैसं कुस्तीला लावल्यालं, पोराला न्हवं."

हे वाक्य मला वीस वर्षांनी तोक्योत आठवेल असं कधी वाटलं नव्हतं.

मी निशी-कासाईला राहते आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या जपानी कंपनीत काम करते. माणसं चाळीसच्या आसपास. कंपनी 1970 साली ज्यांनी काढली ते काइचोसान, म्हणजे अध्यक्ष, अजून रोज सकाळी कारखान्यात चक्कर मारतात. 2019 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मला बोलावलं. पुढच्या वर्षी कंपनीला पन्नास वर्षं होणार होती, आणि त्यांना मेजवानी नको होती, भेटवस्तू नको होत्या. त्यांना सुमोत केन्शो लावायचं होतं. तोरणं बांधण्यापासून विम्याच्या कागदांपर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येतं, तसं हेही आलं.

सुमो टीव्हीवर बघणाऱ्यांनी केन्शो नक्की पाहिलेलं असतं, फक्त ते काय आहे हे माहीत नसतं. कुस्ती लागायच्या आधी पैलवान मीठ उधळत असतात, तेव्हा काही माणसं रंगीत कापडी निशाणं उंच धरून मातीच्या कट्ट्यावर एक फेरी मारतात. प्रत्येक निशाण म्हणजे एका कंपनीनं त्या कुस्तीला लावलेलं एक इनाम. जितकी निशाणं, तितकी पाकिटं. कुस्ती संपली की पंच ती पाकिटं आपल्या पंख्यावर ठेवून तिथल्या तिथे जिंकणाऱ्याच्या पुढे करतो. हरणाऱ्याला त्यातलं काहीच नाही.

हे इनाम फक्त सर्वांत वरच्या गटाच्या, माकुउचीच्या कुस्त्यांना लावता येतं. घरगुती माणसानं हौसेनं आपल्या नावानं लावावं अशी सोय नाही. कंपनी किंवा संस्था हवी, आणि ती काय करते हे सुमो संघटना आधी तपासून घेते. एकदाच लावून मोकळं होता येत नाही. स्पर्धा पंधरा दिवसांची, तर निदान रोज एक निशाण, म्हणजे पंधरा. काइचोसानांच्या डोक्यात एका निशाणाचा जुना दर होता, 62,000 येन. तो नेमका त्याच सप्टेंबरपासून 70,000 झाला होता. पंधरा निशाणांचे 10,50,000 येन, तेव्हाच्या भावानं जवळजवळ सात लाख रुपये. मी आकडा कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बघितला, वर लाल शिक्का मारला आणि विचारलं, "यातले पैलवानाला किती?"

मला हा प्रश्न फार आवडला. उत्तर असं होतं : 70,000 पैकी 10,000 संघटना खर्चापोटी ठेवते. त्यात कुस्त्यांच्या रोजच्या पत्रकावर नाव छापणं आणि सभागृहात पुकारा करणं आलं. पाकिटात तेव्हा रोख 30,000 असायचे. उरलेले 30,000 पैलवानाच्या नावानं संघटनेकडे राहायचे, म्हणजे कर भरायच्या वेळी त्याच्यावर पंचाईत येत नसे. मोठी कुस्ती असली आणि तीस-चाळीस निशाणं फिरली, तर पाकिटांची थप्पी एका हातात मावत नाही, ती यामुळेच.

अर्ज भरणं फारसं कठीण गेलं नाही. कंपनीची माहिती, कुठल्या कुस्तीला निशाण लावायचं, निशाणाचा नमुना. खरा वेळ गेला दोन गोष्टींत : कापड आणि पंधरा अक्षरं.

कापड आपल्या खर्चानं आपणच करून द्यायचं असतं. साधारण 120 सेंटिमीटर उंच, 70 सेंटिमीटर रुंद, खाली झालर. नमुना मंजूर झाला की मगच शिवायला टाकायचं. आमच्या रंगाऱ्याचं दुकान एका गल्लीत आहे. त्यानं मला तीन निळे रंग एका पट्टीवर रंगवून दाखवले आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पट्टी उंच धरली. "इथे जवळून बघू नका, तिथल्या वरच्या रांगेतला माणूस कसा बघेल तसं बघा," म्हणाला. मला आवडलेला गडद निळा त्या अंतरावरून काळा दिसत होता. मधला घेतला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि एक खोकं, बस. आमच्या ऑफिसातल्या पोरांना फोन नंबर, संकेतस्थळ, सगळंच टाकायचं होतं. मी ते ठामपणे अडवलं आणि ते बरोबरच होतं. निशाण एका जागी थांबत नाही. डोळ्यासमोरून जाताना जे वाचता येईल तेवढंच लिहावं.

पंधरा अक्षरांची गोष्ट वेगळी. निशाण फिरत असताना सभागृहात कंपनीच्या नावाचा पुकारा होतो. ध्वनिक्षेपकावरचा तो आवाजही पंचांपैकीच एकाचा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या पुकाऱ्यात घोषवाक्यासकट पंधरा अक्षरं बसवायची. आमचं जुनं वाक्य 'कोकोरो ओ हाकोबु हाको', मन वाहून नेणारं खोकं. जपानीत 'हाकोबु' म्हणजे वाहून नेणं आणि 'हाको' म्हणजे खोकं, म्हणून ते जिभेवर छान लोळतं. काइचोसानांना त्यात 'सोग्यो गोजुनेन', स्थापनेला पन्नास वर्षं, हेही हवं होतं. मी चौकटीचा कागद घेऊन जपानी लिपीतली अक्षरं मोजत बसले. पन्नास वर्षांची पाच अक्षरं, घोषवाक्य पुढच्या नावाशी जोडणाऱ्या एका अक्षरासकट सहा, कंपनीचं नाव चार. बरोबर पंधरा. एक चौकट उरली नाही की एक अक्षर बाहेर गेलं नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

एक गोष्ट ज्यांना हे करायचंय त्यांनी आधीच घरच्यांना आणि मालकांना सांगून ठेवावी : टीव्हीवर दिसण्यासाठी हे करू नका. सुमो दाखवते एनएचके, आणि ती सार्वजनिक वाहिनी असल्यामुळे जाहिरात दाखवत नाही. निशाणं फिरायला लागली की कॅमेरा लांब जातो किंवा छतावरून खाली बघतो. पुकाराही ऐकू येत नाही. जे काही आहे ते सभागृहात बसलेल्या माणसांसाठी आणि त्या दोन पैलवानांसाठी.

आता कुस्ती कुठली? इथे माझा आणि काइचोसानांचा मतभेद झाला. माझं म्हणणं होतं की मधल्या फळीतल्या एखाद्या माएगाशिराच्या, म्हणजे वरच्या गटातल्या पण मोठा किताब नसलेल्या पैलवानाच्या, कुस्तीला लावू. तिथे निशाणं कमी असतात, आपलं उठून दिसेल, आणि त्या पैलवानाला एका पाकिटाचंही मोल असेल. काइचोसानांना हाकुहो हा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पैलवान, हवा होता. नुकत्याच झालेल्या नोव्हेंबरच्या फुकुओकाच्या स्पर्धेत त्यानं 43 वं विजेतेपद घेतलं होतं. पन्नास वर्षांच्या कंपनीनं योकोझुनाच्याच कुस्तीला इनाम लावावं, हा त्यांचा हट्ट. पैसे त्यांचे, वय त्यांचं. पंधराही दिवस हाकुहोची कुस्ती, असं लिहून दिलं.

स्पर्धा 12 जानेवारी 2020 ला तोक्योतल्या र्योगोकुच्या कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्या सभागृहात, सुरू झाली. पहिल्या दिवशी हाकुहो जिंकला. दुसऱ्या दिवशी एन्दोनं त्याला पाडलं. तिसऱ्या दिवशी म्योगिर्यूनं. चौथ्या दिवशी सकाळी बातमी आली की हाकुहोनं स्पर्धेतून माघार घेतली. पाचव्या दिवशी दुसरा योकोझुना काकुर्यूही गेला.

हाकुहोच्या माघारीची बातमी आली त्या सकाळी ऑफिसात कुणी काइचोसानांकडे बघत नव्हतं. हिशोबाच्या टेबलावरून एकानं हळूच म्हटलंही, की आपली दोन पाकिटं भलत्यांनाच गेली. मला आबा आठवले. पण मी काही बोलायच्या आत काइचोसानच म्हणाले, "एन्दोला गेलं ना? योकोझुनाला पाडायचं म्हणजे पाकीट कमीच पडलं." ते मनापासून खूश होते. माझ्या घशात काहीतरी अडकलं.

प्रतिस्पर्धी आलाच नाही तर समोरच्याला विजय मिळतो, पण कुस्ती झालेली नसते, म्हणून त्या दिवशीचं इनाम दिलं जात नाही. निशाणं फिरतच नाहीत. ते इनाम दुसऱ्या कुस्तीला वळवता येतं. मी फोन लावला आणि उरलेली बारा निशाणं आमच्या कारखान्यातल्या लोकांच्या आवडत्या एका माएगाशिराच्या कुस्त्यांना लावून घेतली. यावेळी मतभेद नव्हता.

बाराव्या दिवशी आम्ही चौघं चौकोनी जागेत गुडघे दुमडून बसलो : काइचोसान, त्यांच्या पत्नी, कारखान्याचे मुकादम आणि मी. त्या मातीच्या कट्ट्यावर बाईनं पाय ठेवायचा नाही हा नियम मला टोचतो, आणि तो बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या कापडाचा निळा रंग मी निवडला होता आणि ती अक्षरं मी मोजली होती. ती त्या मातीवरून फिरणार होती.

आमच्या पैलवानाच्या कुस्तीला दोनच निशाणं होती. योबिदाशी, म्हणजे पैलवानांना नावानं पुकारणारा, पायाच्या घोट्याशी घट्ट बांधलेली तुमान घातलेला एक तरुण मुलगा, आमचं निशाण दोन्ही हातांनी सरळ धरून चालू लागला. झालर पुढे-मागे हलत होती. रंगारी म्हणाला होता तसंच झालं : मधला निळा वरच्या दिव्यांखाली अगदी लखलखीत दिसत होता. आणि पुकारा झाला, पंधराच्या पंधरा अक्षरं. एक फेरी, फार तर अर्धा मिनिट. काइचोसानांच्या पत्नी माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

पूर्वी लोक खूश झाले की टोप्या आणि अंगरखे मातीत फेकायचे आणि नंतर पैसे देऊन ते परत घ्यायचे. 1909 साली पहिलं कोकुगिकान बांधलं तेव्हा ही फेकाफेक बंद झाली. आबांचा फेटा तिथे चालला असता, असं मला उगाच वाटून गेलं.

कुस्ती सात-आठ सेकंदांत संपली. आमचा हरला. जिंकलेला खाली बसला, पंचानं पंखा पुढे केला, आणि त्यानं उजव्या हातानं हवेत तीन वार केले : डावीकडे, उजवीकडे, मधे. तीन देवांना नमस्कार. मग पाकिटं उचलली. काइचोसान सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

रात्री घरी आण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मधे एकदाही बोलले नाहीत.

"मग इनाम कुणी न्हेलं?"

"समोरच्यानं."

"जाग्यावर दिलं?"

"जाग्यावर. पंचानं पंख्यावर ठेवून."

"फेटा?"

"फेटा नाही हो आण्णा."

थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "आता परत कवा हाय?"

"काइचोसान म्हणतायत मे महिन्यात," मी म्हटलं.

मार्चची ओसाकाची स्पर्धा करोनामुळे रिकाम्या सभागृहात झाली आणि मेची रद्दच झाली. निशाण आमच्याच कारखान्यातल्या लांबट खोक्यात गुंडाळून ठेवलंय, घडी न घालता. रंगाऱ्यानं बजावलं होतं, घडी घातली की निळ्यावर रेघ पडते.