फॉल्स सीलिंगमध्ये हवेची जाळी : आतापर्यंत झालेले काम

लातूरच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर पश्चिमेला जी खोली आहे, तिच्या छतात हवा बाहेर काढणारी जाळी बसवण्याचे काम सध्या चालू आहे. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत छतालाच साणे ठेवलेले असे. त्यातून उजेड आत येई आणि धूर व गरम हवा वरच्या वर निघून जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीचे जड छत लोकांच्या जिवावर उठले, त्यानंतर आमच्या भागात स्लॅबची घरे वाढली आणि साण्याचे काम स्लॅबखाली भिंतीत ठेवलेल्या झरोक्याकडे आले. या खोलीत स्लॅबखाली जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग झाले तेव्हा तो झरोकाही बोर्डाच्या वर झाकला गेला आणि वर चढलेल्या गरम हवेला वाट उरली नाही. दिवसभर तापलेल्या स्लॅबची धग आत जाणवते ती मुख्यतः संध्याकाळनंतर, म्हणजे बाहेरची कोरडी हवा निवू लागते नेमकी त्याच वेळी.

स्लॅबला भोक पाडल्यास सळई कापली जाण्याची आणि पावसाळ्यात गळतीची भीती असते, म्हणून तो मार्ग मी विचारातच घेतला नाही. छतातील जाळीपासून सहा इंची लवचिक डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, न्यायची, मध्ये इनलाइन (नळीच्या वाटेतच जोडायचा) पंखा बसवायचा आणि हवा त्याच झाकलेल्या झरोक्यातून बाहेर सोडायची, असे ठरवले. खोली 14 बाय 12 फूट, उंची 9 फूट, म्हणजे 1512 घनफूट हवा. ती तासाला सहा वेळा बदलायची तर मिनिटाला साधारण 150 घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. सहा इंची डक्टमध्ये या हवेचा वेग मिनिटाला सुमारे 770 फूट राहतो, आणि रात्री झोपायच्या खोलीत आवाजाच्या दृष्टीने तो चालण्यासारखा आहे. आठ इंची डक्ट अधिक शांत चालली असती, परंतु बोर्ड आणि स्लॅब यांच्यात दहाच इंच जागा असल्याने त्या मापाचा पंखा तिथे मावत नाही.

जाळीची जागा ठरवणे हा सर्वांत नाजूक भाग होता. जिप्समचे काम करणारे एक अनुभवी मामा म्हणाले, “आधी चुंबक फिरवा सर, करवत नंतर काढा.” बोर्डावरून चुंबक सावकाश सरकवले की पुट्टीखाली दडलेल्या स्क्रूवर ते टक्कन चिकटते. तशा खुणा पेन्सिलीने जोडत गेल्यावर दीड-दीड फुटावरच्या जीआय सेक्शनच्या (बोर्ड ज्यांना स्क्रूने जोडलेला असतो त्या जस्त चढवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या) रेषा बोर्डावर उमटल्या आणि दोन सेक्शनच्या बरोबर मधली जागा मिळाली. दहा इंची चौकोन आखून आधी धारदार ब्लेडने वरचा कागद कापला, मगच जिप्समची करवत चालवली. त्यामुळे कडा कुठेही फाटली नाही. चौकोनाच्या दोन्ही बाजूंना सेक्शनचे आडवे तुकडे स्क्रूने जोडले. ही जोड टाळू नये असे माझे ठाम मत आहे, कारण साडेबारा मिलिमीटरच्या नुसत्या बोर्डावर जाळीचे वजन दिले की पुढे कडेने भेगा पडतात.

पंखा बोर्डावर ठेवलेला नाही. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) ठोकून जीआय पट्ट्यांनी तो टांगला आहे आणि पट्टीखाली रबर दिल्यामुळे थरथर खाली उतरत नाही. डक्ट ताणून बसवली, कारण सैल डक्टच्या वळ्यांत हवा अडखळते. सांध्यांना क्लॅम्प आणि वरून ॲल्युमिनियमची टेप आहे. वायरिंग मुख्य स्विच बंद करून, अर्थिंगसह, इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले.

झरोक्याच्या बाहेरच्या तोंडाला खाली झुकलेल्या पट्ट्यांची जाळी, तिच्यामागे चिमण्या आणि पाली अडवणारी बारीक जाळी आणि पंखा बंद असताना आपोआप मिटणारी झडप, अशी रचना केली आहे. उन्हाळ्यातील वावटळीची धूळ पाहता झडप आवश्यकच होती.

चाचणीसाठी खिडकी थोडी उघडून उदबत्ती लावली, तेव्हा धूर छताला न पसरता सरळ जाळीकडे वळला. खिडकी पूर्ण बंद करताच तो रेंगाळू लागला. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा ओढणार तरी काय? दुपारी बाहेरची हवा खोलीपेक्षा गरम असताना पंखा बंदच ठेवतो. कूलर चालू असताना मात्र त्याची दमट हवा बाहेर जावी म्हणून जाळीसोबत खिडकीही उघडी लागते, कारण कूलर फेकतो तेवढी हवा एकटी सहा इंची डक्ट काढू शकत नाही. ज्यांच्या घरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, त्यांनी असा पंखा बसवण्यापूर्वी गिझरचा धूर उलटा घरात ओढला जाणार नाही याची खात्री करून घ्यावी.

आता बाहेरच्या जाळीभोवती सिलिकॉन भरणे बाकी आहे आणि ते मृगाच्या पावसाआधी उरकायचे आहे. जाळीच्या कडेची पुट्टी वाळली की रंगाचा हात देईन, आणि त्यानंतर पूर्वेकडच्या खोलीतील झरोका बीमच्या कितपत आड गेला आहे ते मोजून तिथली डक्ट कशी वळवायची ते ठरवीन.