पट्ट्याचा जॉइंट तुटतो कुठे?

कन्व्हेयरच्या पट्ट्याची दोन टोकं धातूच्या प्लेट आणि बोल्ट लावून जोडतात, तो जॉइंट. आज खडी क्रशरच्या कन्व्हेयरवर पुन्हा तेच दिसलं. प्लेट शाबूत, बोल्ट शाबूत आणि पट्टा मात्र बोल्टच्या रांगेतून फाटलेला. अशा वेळी सगळे जाड, मोठी प्लेट मागतात. माझ्या मते हे उलटं आहे.

पुलीवरून जाताना पट्टा वाकतो, प्लेट वाकत नाही. प्लेट जितकी लांब, तितका तिच्या कडेला पट्टा जास्त मुडपतो आणि तिथलंच पट्ट्याच्या आतलं कापड थकतं. म्हणून फास्टनरचं (प्लेट-बोल्टच्या जोडणीचं) माप ठरवताना पट्ट्याच्या जाडीइतकाच सगळ्यात लहान पुलीचा व्यास बघायचा. ताण थोड्या मोठ्या बोल्टांऐवजी अनेक लहान पकडींवर वाटला गेला, तर धागे कमी तुटतात. प्लेटचे दातही कापणारे नकोत, कापडात रुतून धरणारे हवेत.

गुण्या (काटकोन आखायची पट्टी) पट्ट्याच्या कडेला लावू नका, जुनी कड झिजलेली असते. चार-पाच ठिकाणी रुंदीचा मध्य काढून मध्यरेषा आखा, त्यावरून काटकोनात कापा. नाहीतर जॉइंट आला की पट्टा एका बाजूला पळणारच.

नट कडेकडून मध्याकडे, सारखे आवळायचे. ढिले राहिले तर प्लेट सरकते, अति आवळले तर कापड चिरडतं. काही तास माल चालवून पुन्हा आवळणं तर हमखास राहून जातं! बोल्टची वर आलेली टोकं तोडून घासा, स्क्रेपर (पट्ट्याला चिकटलेला माल खरवडणारी पाती) तिथेच अडकतो. जॉइंटमध्ये पट्ट्याचं जे टोक मागे असतं, त्याचे कोपरेही तिरके छाटा.

ओल्या, गंज चढवणाऱ्या मालाला स्टेनलेसचे फास्टनर घ्या.