आयपॅडचं वायफाय कॅमेऱ्याला देऊ नका

अमेरिकेत खासगी उड्डाण करणाऱ्यांच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात आता दोन गोष्टी हमखास दिसतात: समोरच्या काचेखालच्या कडेवर (ग्लेअरशील्डवर) ठेवलेला एडीएस-बी रिसीव्हर, म्हणजे आसपासच्या विमानांचे रेडिओ संदेश पकडणारं यंत्र, आणि काचेला चिकटवलेला गोप्रो कॅमेरा. दोन्ही आपापलं वायफाय नेटवर्क उभं करतात. पायलट ज्या आयपॅडवर नकाशा बघतो, तो मात्र एका वेळी एकाच नेटवर्कवर राहू शकतो. भांडण नेमकं इथे आहे, आणि ते जमिनीवरच मिटवायला हवं.

स्ट्रॅटक्सचं उदाहरण घेऊ. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा हा रिसीव्हर एडीएस-बीच्या ९७८ आणि १०९० मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सी ऐकतो आणि 'स्ट्रॅटक्स' याच नावाच्या वायफायवरून ट्रॅफिक (आजूबाजूची विमानं), हवामान, जीपीएस ही सगळी माहिती नकाशाच्या ॲपला पाठवतो. आता त्याच आयपॅडवर गोप्रोचं क्विक ॲप उघडलं, तर ते आधी ब्लूटूथवरून कॅमेऱ्याशी बोलतं, कॅमेऱ्याला वायफाय सुरू करायला लावतं आणि त्या नेटवर्कला जोडू का, असं विचारतं. सवयीने 'जॉइन' दाबलं गेलं की आयपॅड स्ट्रॅटक्स सोडून कॅमेऱ्याकडे जातो.

पुढे काय होतं, ते आयपॅडवर अवलंबून आहे. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, त्यामुळे नकाशावरचं आपलं विमानच नाहीसं होतं. हे तरी लगेच लक्षात येतं. सिमकार्डवाल्या आयपॅडमध्ये स्वतःचा जीपीएस असतो, त्यामुळे नकाशा छान सरकत राहतो, आपलं विमान बरोबर जागी दिसतं, आणि आजूबाजूची विमानं मात्र पडद्यावरून नाहीशी होतात. मोकळा पडदा पाहून आकाश मोकळं आहे असं वाटतं. माझ्या मते हा दुसरा प्रकार जास्त घातक आहे.

म्हणून माझा नियम सरळ आहे: कॅमेऱ्याचं ॲप नकाशाच्या आयपॅडवर ठेवायचंच नाही. ते फोनवर ठेवा. आयपॅडवर पूर्वी वापरलं असेल, तर सेटिंग्जमध्ये वायफायच्या यादीतून कॅमेऱ्याचं नेटवर्क 'फर्गेट' करा आणि ॲप काढून टाका. हँगरचं, घरचं, क्लबचं वायफाय यांचं 'ऑटो-जॉइन' बंद करा. नाहीतर विमान जमिनीवर धावपट्टीकडे नेताना (टॅक्सी करताना) आयपॅड क्लबच्या वायफायवर जाऊन बसतो. स्ट्रॅटक्सचं 'ऑटो-जॉइन' मात्र चालू ठेवा.

एअरप्लेन मोड लावला, तर त्यानंतर वायफाय आणि ब्लूटूथ पुन्हा चालू करावं लागू शकतं, ते तपासा. आणि कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबून वायफाय खरं बंद होत नाही, फक्त नेटवर्क सुटतं. मग आपोआप जोडणंही थांबतं, ते पहाटे पाचपर्यंत, किंवा आपण वायफाय पुन्हा चालू करेपर्यंत, स्वतः नेटवर्क निवडेपर्यंत, दुसऱ्या जागी जाईपर्यंत किंवा आयपॅड बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत. सकाळी सातला चुकून ते बटण दाबलं गेलं, तर बराच वेळ 'स्ट्रॅटक्स जोडत का नाही' म्हणून शोधत बसाल.

कॅमेरा रन-अपच्या, म्हणजे उड्डाणापूर्वीच्या इंजिन तपासणीच्या, आधी लावून घ्या. चित्राची चौकट फोनवर बघा, माउंट घट्ट करा, मग फोनचं ॲप बंद करा. रेकॉर्डिंग शटरच्या बटणाने सुरू करा. 'क्विक-कॅप्चर' चालू असेल तर बंद कॅमेराही एका दाबात सुरू होऊन रेकॉर्ड करू लागतो. कॅमेरा हाताच्या टप्प्यात असेल, तर त्याच्या 'कनेक्शन्स'मध्ये जाऊन वायरलेस पूर्ण बंद करा. बॅटरी वाचते, उष्णताही कमी होते. कॅमेरा मागच्या सीटवर किंवा बाहेर पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर (स्ट्रटवर) असेल, तर हे करता येत नाही, कारण रिमोटला वायरलेस लागतं. गोप्रोचा नवा रिमोट ब्लूटूथवर चालतो, म्हणून तो आयपॅडच्या वायफायला हात लावत नाही. आवाजाच्या आज्ञेवर मात्र विसंबू नका. इंजिनाच्या आवाजात कॅमेऱ्याला नीट ऐकूच येत नाही.

कार्डाचा हिशेबही आधीच करा. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरतं. ६० मेगाबिटला तासाला २७ जीबी. एवढ्या हिशेबाने पूर्ण उड्डाण एका दाबात रेकॉर्ड करता येतं आणि हवेत कॅमेऱ्याला हात लावावाच लागत नाही.

तरीही हवेत ट्रॅफिक गेलंच, तर आधी विमान उडवा आणि बाहेर बघा. मग सेटिंग्ज, वायफाय, स्ट्रॅटक्स. जोडलेलं दिसतंय तरी माहिती येत नसेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ उघडा. पान उघडलं म्हणजे रिसीव्हर ठीक आहे. मग आयपॅडच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये नकाशाच्या ॲपची 'लोकल नेटवर्क' परवानगी बंद असण्याची शक्यता मोठी. ही परवानगी आयओएस १४ पासून लागते, आणि ती तपासायची जागा पार्किंग आहे, पॅटर्न (उतरण्याआधीची विमानतळाभोवतीची फेरी) नव्हे. ज्यांना या वायफायच्या फंदात पडायचंच नाही, त्यांच्यासाठी ब्लूटूथवर माहिती देणारे रिसीव्हर आहेत, उदाहरणार्थ गार्मिनचा जीडीएल ५०.

भारतात उडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ९७८ मेगाहर्ट्झची सेवा आणि तिच्यावरचं फुकट हवामान हे अमेरिकेतलं आहे, इथे नाही. आणि १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम उडत्या विमानातून छायाचित्रं घेण्याला लेखी परवानगीची अट घालतो. बारामतीसारख्या ठिकाणी शिकताना कॅमेरा लावण्याआधी फ्लाइंग क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांना विचारा.

राहिला रेडिओतला खरखराट. लोक वायफायला दोष देतात, पण विमानाच्या व्हीएचएफ रेडिओत, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, आवाज येतो तो बहुतेकदा कॅमेऱ्याला लावलेल्या स्वस्त १२ व्होल्टच्या यूएसबी चार्जरमधून. अमेरिकेत आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधाराने होणाऱ्या, उड्डाणात अशी उपकरणं अडथळा आणत नाहीत हे ठरवण्याची जबाबदारी, खासगी विमानात, तिथल्या विमान नियम ९१.२१ नुसार पायलट-इन-कमांडवर (विमानाची जबाबदारी असलेल्या पायलटवर) येऊ शकते, तेव्हा हे मोघम सोडू नका. इंजिन चालू असताना शांत फ्रिक्वेन्सी लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा, चार्जर जोडा-काढा आणि ऐका. मग जीपीएसचं उपग्रहांचं पान उघडून कॅमेरा चालू-बंद करा आणि सिग्नलच्या पट्ट्या खाली जातात का बघा. चार्जर जोडल्यावर खरखर वाढली, तर तो विमानातून बाहेर काढा आणि कॅमेरा पॉवर बँकेवर चालवा.