दिवा लावला की बुलेट मिसिंग मारायची

माझी बुलेट १९७४ ची, कास्ट आयर्न इंजिनची, सहा व्होल्टवाली. चेसिसला पावडर कोटिंग झालं, इंजिन बांधून झालं आणि गाडी दिवसा झकास पळायला लागली. अंधारात हेडलाइट लावला की मात्र रडगाणं सुरू: उजेड पिवळट, हॉर्न घोगरा, वर इंजिन मिसिंग मारणार, म्हणजे मधूनच ठोका चुकवून अडखळणार. कोणी म्हणे कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली, कोणी रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करायला एसीचं डीसी करणारा). बाकीच्यांचं ठरलेलं उत्तर, "बारा व्होल्टची करून टाका." मला तेच करायचं नव्हतं.

आधी अँपमीटर पाहिला. जुन्या बुलेटवर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. चावी चालू ठेवून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक सावकाश दाबायची. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारे काँटॅक्ट, मिटले की काटा तीन-चार अँपियर डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. माझा काटा व्यवस्थित डुलत होता. फीलर गेजने (जाडी मोजायच्या पट्ट्यांनी) पॉइंटमधली गॅप पाहिली, ०.३८ मिमी, म्हणजे बरोबर. पॉइंट काळे पडलेले नव्हते, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या कंडेन्सरवरही संशय घ्यायचं कारण नव्हतं.

मग मल्टिमीटर. हेडलाइट लावल्यावर बॅटरीवर ६.१ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ४.६. दीड व्होल्ट वाटेतच गायब! सहा व्होल्टच्या गाडीत हा पाव हिस्सा झाला, आणि व्होल्टेज थोडं उतरलं तरी बल्बचा उजेड बराच उतरतो. त्यात ३५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर तीन अँपियर घेतो, सहावर सहा. म्हणजे खराब जोडात व्होल्टेज पडतं तेही दुप्पट.

दिवा चालूच ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला लावला. इथे जवळपास शून्य यायला हवं, आलं ०.८. मिसिंगचं कोडं इथेच सुटलं. कॉइलचा करंट पॉइंटमधून इंजिनात, तिथून चेसिसमार्गे बॅटरीत परततो. हेडलाइटचाही परतीचा रस्ता तोच. दिवा लागला की कॉइलच्या वाट्याचे व्होल्ट कमी.

"अर्थिंगची वायर तर नवी कोरी आहे," मिस्त्रीकाका म्हणाले. बॅटरीचं निगेटिव्ह चेसिसला जोडणारी ही वायर नवीच होती, पण तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) चकचकीत पावडर कोटिंगवर आवळलेलं, आणि त्या रंगातून करंट जात नाही. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. तेवढ्या जागेचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळून वरून व्हॅसलिन लावलं. रीडिंग ०.०५.

हेडलाइटचा उरलेला तोटा निम्मा स्विचच्या काँटॅक्टमध्ये होता, निम्मा स्टिअरिंगच्या ग्रीस भरलेल्या छर्ऱ्यांमध्ये, कारण कास्केटची (हेडलाइट बसतो त्या पुढच्या भागाची) अर्थिंग त्यातूनच यायची. स्विच साफ केला, होल्डरपासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढली. होल्डरवर आता ५.८ मिळतात आणि दिवा लावल्यावर मिसिंग नाही. हॉर्न अजून घोगराच आहे. तो खोलायचा राहिलाय.