न आलेल्यांची वही

ऑक्टोबर लागला की मला आधी ती निळ्या पुठ्ठ्याची वही आठवते. बॅनर, माईक, फोटो वगैरे सगळं नंतर. आमच्या मंडळाचा मनाच्या आरोग्याचा मेळावा दरवर्षी १० ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी भरतो, कारण १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, वर्ल्ड फेडरेशन फॉर मेंटल हेल्थने १९९२ साली सुरू केलेला. मंडळातले काका हे दारातच प्रत्येकाला सांगायचे आणि सांगता सांगता वहीत नाव लिहून घ्यायचे. मला वाटायचं हजेरी घेतायत, शाळेसारखी. ती वही खरी कशासाठी होती ते मला फार उशिरा कळलं, येतेच त्यावर.

पहिल्या वर्षी सगळं अगदी सभेसारखं होतं. रांगेत खुर्च्या, समोर टेबल, एक डॉक्टर डिप्रेशनवर बोलले, छानच बोलले, पण "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर नुसता पंख्याचा आवाज. शेजारीपाजारी बसलेले असताना कोण हात वर करणार? आणि तेच लोक कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरांना जिन्यात गाठून एकेक करून हळू आवाजात बोलत होते, प्रत्येकाची सुरुवात एकच, "माझ्या एका ओळखीच्यांना असं होतं...". मंडळाच्या ताईंनी ते पाहिलं. पुढच्या वर्षी टेबल गेलं, खुर्च्या गोल मांडल्या आणि दाराशी चिठ्ठ्यांचा डबा ठेवला, नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. दुपारपर्यंत डबा भरला. तीन महिने झोप नाही, काय करू. गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात का (नाही, सगळ्यांना नाही, पण आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं). मुलगा खोलीतून बाहेरच येत नाही. आणि एक चिठ्ठी अशी की हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही म्हणून दिवसभर टीव्ही चालू ठेवते, बघत नाही, नुसता चालू ठेवते. ती वाचली तेव्हा गोलातल्या चार-पाच जणींनी एकदम खाली पाहिलं.

गोलाचे नियम चारच आणि ताई ते परत परत वाचून दाखवायच्या. इथलं इथेच ठेवायचं. स्वतःबद्दल बोलायचं. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि काहीच न बोलता बसून राहिलात तरी चालेल. तिसरा नियम सगळ्यात अवघड हो, समोरचा बोलायला लागला की लगेच जिभेवर येतं, अहो फिरायला जात जा, मन रमवा कशात तरी, माझ्या बहिणीचं पण असंच झालेलं. मला गप्प बसून ऐकणं जमायला दोन वर्षं लागली.

मग एका वर्षी बाक आला. झिंबाब्वेत हरारे शहरात डिक्सन चिबांडा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांना ट्रेनिंग देऊन दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवलं. आलेल्याचं नीट ऐकायचं, त्याच्या दहा अडचणींतली एक त्यालाच निवडायला लावायची आणि तिच्यावर काय करता येईल ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, एवढंच काम. देशभरात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मग दुसरं करणार काय. पुढे रीतसर अभ्यास झाला, २०१६ मध्ये जामा ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा बराच कमी झाला होता. तिथल्या शोना भाषेत ह्या त्रासाला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. ताईंनी हे सांगितल्यावर आमच्यातल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "अगं मग आपलंच की हे, डोक्यातलं चक्र थांबत नाही म्हणतो ते!" आणि त्याच आमच्या बाकावर पहिल्या बसल्या.

बाकावर बसणाऱ्यांना एका समुपदेशक बाईंनी दोन शनिवार शिकवलं. सगळ्यांना भीती एकाच प्रश्नाची, जीव नकोसा झालाय का, मरणाचे विचार येतात का, हे तोंडावर विचारायचं कसं. आजींनी स्पष्टच विचारलं, "आणि त्याच्या मनात नसलेलं मीच घातलं तर?" बाई म्हणाल्या की विचारल्याने तसा विचार पेरला जात नाही, अभ्यास झालेत त्याच्यावर, उलट त्या माणसाला बोलायला वाट मिळते. आणि उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना किंवा हेल्पलाईनला फोन, तातडीने डॉक्टर, हे एकट्या आजीने निभवायचं काम नाही. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी जोडीजोडीने तो प्रश्न मोठ्याने विचारून पाहिला. पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. चौथ्यांदा नीट आला.

एक मात्र होतं, बाकावर आणि गोलात बाया यायच्या, पुरुष दाराशी हात मागे बांधून उभे. तेव्हा कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या मेन्स शेडबद्दल, म्हणजे पुरुषांनी जमून हाताने काहीबाही काम करायच्या जागांबद्दल, वाचलं होतं, पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत पण शेजारी उभं राहून काम करताना बोलतात, असं तिथलं ब्रीद. मग दुरुस्तीचं टेबल सुरू केलं. घरातलं बिघडलेलं घेऊन या, रेडिओ, छत्री, मिक्सर काहीही. काय गर्दी व्हायची त्या टेबलाला! रिटायर झालेले दोघं एका पंख्याचं कॉइल बघत तासभर खाली मान घालून बसलेले मी पाहिलेत, आणि मधेच एक जण म्हणाला, "मुलगा बोलत नाही माझ्याशी, सहा वर्षं झाली." दुसऱ्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही, वर बघितलं नाही, नुसतं "हं" म्हणाला. आणि मग तो सहा वर्षांचं सगळं बोलला. पंखा काही दुरुस्त झाला नाही.

मेळाव्यात प्रत्येकाला एक कागद द्यायचो, दोन्ही बाजूंनी छापलेला, कुठे फोन करायचा, कुणाला भेटायचं, सपोर्ट ग्रुप कधी बसतात. असे कागद सगळीकडे वाटतात, पण ताईंची एक गोष्ट मी दुसरीकडे पाहिली नाही. छापायला देण्याआधी त्या कागदावरचा प्रत्येक नंबर स्वतः फिरवायच्या. दिवसा एकदा, रात्री उशिरा एकदा. कुणी उचलतं का, आपल्या भाषेत बोलतं का, किती वेळ होल्डवर ठेवतं, सगळं पेन्सिलने शेजारी. न लागणारा नंबर सरळ काटायचा. "अगं, रात्री दोन वाजता कुणीतरी सगळं बळ गोळा करून हा नंबर लावणार आणि नुसती रिंग वाजत राहिली, तर तो परत कुठलाच नंबर लावणार नाही." एका वर्षी असं करता करता कागद अर्धा झाला, आम्ही म्हटलं बरं दिसत नाही, त्या म्हणाल्या असू दे.

आता वही. एका वर्षी मी मेळाव्याला गेले नाही. तो काळ वाईट होता, सकाळी उठून दात घासायचे म्हणजे डोंगर चढायचा असं व्हायचं, आणि मेळाव्याला जाऊन सगळ्यांना "बरी आहे" म्हणायची ताकद नव्हती. मनाच्या आरोग्याच्या मेळाव्याला जायलाच मन नाही, ह्याचीही लाज वाटत होती. मंगळवारी काकांचा फोन आला. "अगं, रविवारी दिसली नाहीस. काही काम नाहीये, सहज केला. ठेवतो." बस. मी हूं का चूं केलं नाही. पुढच्या महिन्यात परत, तसाच, अर्धा मिनिट. चौथ्या फोनला मी म्हटलं, "काका, ठेवू नका." आणि मग बराच वेळ रडले, ते काहीच बोलले नाहीत, फक्त श्वास ऐकू येत होता. डॉक्टरकडे न्यायला ताई आल्या, ते त्यानंतर.

वही त्यासाठी होती. काका मेळाव्यानंतर गेल्या वर्षीचं पान आणि ह्या वर्षीचं पान शेजारी ठेवून बघायचे, कोण आलं नाही. आलेल्यांची काळजी मेळावा घेतो, म्हणायचे.

खूप नंतर माझ्या वाचनात आलं की जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ पासून हेच करून पाहिलं होतं. डिप्रेशन किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे ॲडमिट झालेले आणि डिस्चार्जनंतर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ जण, त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली. दोन-तीन ओळींची. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, इतकंच, काही मागणं नाही, उपदेश नाही. पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. काकांनी हे वाचलेलं नव्हतं, मी विचारलं होतं.

काका आता मुलीकडे राहायला गेलेत, लांब. वही माझ्याकडे आहे, पुठ्ठा दोनदा चिकटवला. गेल्या मेळाव्यानंतर मंगळवारी पानं शेजारी ठेवून बसले, अकरा नावं निघाली, त्यात काकांचं पण. पहिला फोन त्यांनाच लावला. "काका, रविवारी दिसला नाहीत." ते हसले. खुर्च्या गोल मांडल्या होत्या का, आजी बसल्या का बाकावर, सगळं विचारून झालं, मग म्हणाले, "यादीत किती?"

"अकरा."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस, पुढचा लाव."