तिसऱ्या सिलिंडरचा छडा लागला (जिप्सीचं जी१३बीबी इंजिन, नवीन मॅनिफोल्ड)

सापडलं! तीन रविवार ज्याच्यामागे गेले, ते दुखणं शेवटी फीलर गेजच्या (फट मोजायच्या पात्यांच्या) ०.१५ मिमीच्या पातीने दाखवलं.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा वेल्डिंग करून बनवलेला नवा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) बसवलेली माझी जिप्सी फुल थ्रॉटलला झकास ओढत होती. आमच्या कोल्हापुरात हवेचा दाबच ९५ केपीएच्या आसपास, त्यात मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) ९३ दाखवत होता. म्हणजे प्लेनम (मॅनिफोल्डची हवेची टाकी) कुठे घुसमटत नाही. पन्हाळ्याच्या चढाला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण नेमक्याच्या किती पट; १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८७ वर खिळलेला. पण इंजिन गरम झालं की आयडलला धडधड, हलक्या थ्रॉटलला धक्के. थंड असताना काहीच नाही.

‘गरम झाल्यावरच’ या लक्षणाने मला भलतीकडे नेलं. आधी संशय आयएटी सेन्सरवर, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्यावर. तो प्लेनमच्या धातूत तापायचा, ईसीयूला (इंधन ठरवणाऱ्या कंप्युटरला) हवा विरळ वाटायची नि इंधन कमी पडायचं. सेन्सर फिल्टरजवळच्या पाइपात हलवला. गरम इंजिन आता अर्ध्या सेल्फमध्ये चालू होतं, हा फायदा पक्का. धडधड मात्र तशीच.

मग व्हीई टेबल, म्हणजे इंजिन केव्हा किती हवा घेतं याचा ईसीयूतला तक्ता, ज्यावरून इंधन ठरतं. आयडलला वाइडबँड (लॅम्डा मोजणारा सेन्सर) १.१५ दाखवतोय, म्हणून त्या खान्यांत इंधन वाढवत गेलो. लॅम्डा हलेना, पेट्रोलचा वास मात्र वाढला. प्लग काढले तर एक, दोन, चार काळेकुट्ट आणि तीन पांढराफटक. तेव्हा प्रकाश पडला: तीन नंबर मिसफायर होतोय (नीट पेट घेत नाही), त्याचा न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातोय आणि सेन्सर चौघांची सरासरी लीन (इंधन कमी) सांगतोय. मी तीन धडधाकट सिलिंडरांना उगाच पाजत होतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर एक्झॉस्टच्या नळ्यांवर धरला. बाकी तिन्ही २३० ते २४० अंश, तिसरी १६५. इंजेक्टर एक आणि तीन अदलाबदल केले, प्लगच्या केबल बदलल्या, तरी थंड नळी तिसरीच. राहिली हवा. मॅनिफोल्ड हेडला जोडणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे फ्लँजच्या, खालच्या कडेला कार्ब क्लीनरचा फवारा मारला आणि आरपीएम झपकन चढले, म्हणजे गळती तिथेच.

मॅनिफोल्ड उतरवून सरळ पट्टी ठेवली. वेल्डिंगच्या उष्णतेने ८ मिमीचा फ्लँज तीन नंबरपाशी कमानीसारखा उचललेला, ०.१५ ची पाती खालून सरकत होती. आयडलला आत ३६ केपीए, बाहेर ९५, म्हणून तिथून हवा शिरते. फुल थ्रॉटलला आतबाहेर दाब जवळपास सारखा, म्हणून गळती जाणवतच नाही. आणि थंड असताना? वॉर्मअपचं जादा इंधन तिसऱ्याला सांभाळून घेत होतं. गळती पहिल्या दिवसापासून होती.

शिरोलीत मिलिंगवर फ्लँजला हलकं फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घेतलं, नवं गॅस्केट टाकलं, व्हीई टेबल जुन्या फाइलवर आणलं. आता गरम इंजिन ८५० वर स्थिर, मॅपची सुई ३६ वरून हलत नाही. काल दहा मिनिटं नुसता बॉनेट उघडून ऐकत उभा होतो.

एक कळकळीने सांगतो: ट्यूनरस्टुडिओत (ईसीयू ट्यून करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एएफआर (हवा-इंधनाचं थेट गुणोत्तर) नको, लॅम्डा लावा. ई२० चं (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं) स्टॉइक, म्हणजे नेमकं गुणोत्तर, १३.५ च्या आसपास येतं, साध्या पेट्रोलचे १४.७ चे आकडे धरून बसलात तर घोळ होतो. आणि स्वस्तातले नकली इंजेक्टर घेऊ नका. माझ्या पहिल्या चारांत ३० सेकंदांच्या मापात नऊ टक्के फरक होता. जुने मूळ इंजेक्टर अल्ट्रासॉनिकला साफ करून त्याहून सरस निघाले.

पुढचा बेत इंजेक्टरची वेळ बदलून पाहण्याचा होता. पण हे लिहितानाच वाटतंय की मॅनिफोल्डच नवा करावा. फेसिंग केलेल्या फ्लँजचा मला भरवसा नाही. या वेळी १२ मिमीची पट्टी, आणि वेल्डिंग करताना ती भंगारातल्या हेडवर बोल्टने आवळून, गार होईपर्यंत तशीच. नवा करायचाच तर रनर (प्लेनमपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) ६० मिमी लांब करतो. आखूड रनरमुळे ३००० च्या खालचा टॉर्क गेलाय, घाटात दुसऱ्या गिअरला ते बोचतं. मधे सिलिकॉन होजचा जोड दिला तर लांबी बदलून पाहता येईल, पण चार नवे जोड म्हणजे गळतीच्या चार नव्या जागा. या शनिवारी भंगार बाजारात हेड शोधायला जातोय.